रान माजलेली बाग साफ करायला कोणती अवजारं घ्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच-सहा वर्षं हात न लागलेली, साधारण ३०० चौरस मीटरची बाग. कमरेइतकं गवत, घाणेरीची जाळी, झाडांवर चढलेले वेल आणि मधूनमधून आपोआप उगवून मनगटाएवढी जाड झालेली रोपं. एक चांगला ब्रश कटर (लांब दांडीच्या टोकाला फिरतं पातं असलेली, गवत-झुडपं कापायची मशीन) घेतला तर भागेल का, की आणखी काही लागेल, आणि पुढे बाग राखायला काय ठेवावं?

ब्रश कटरने बाग एका दिवसात साफ दिसते, पण तो जमिनीच्या वरचंच कापतो. घाणेरी, हरळी, लव्हाळा आणि सुबाभळीची रोपं या सगळ्यांचा जीव जमिनीखाली असतो. पाऊस पडला की तीन-चार आठवड्यांत पुन्हा हिरवं रान उभं राहतं, आणि या वेळी ते जास्त दाट असतं, कारण कापलेल्या प्रत्येक खुंटातून चार-पाच धुमारे फुटतात. म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावावा. मुळं काढायची अवजारं, सिकेटर (फांद्या छाटायची हातकात्री) आणि करवत ही उत्तम प्रतीची विकत घ्यावीत. मोठा ब्रश कटर पहिल्या सफाईपुरता भाड्याने आणावा. एवढं रान एकदाच कापायचं असतं, नंतर त्या मशीनला वर्षातून दोन-तीन दिवसांचंही काम उरत नाही, आणि पेट्रोलवरची मशीन पडून राहिली की बिघडते.

खरेदीला जाण्याआधी हातात लांब काठी घेऊन बागेत फिरा. गवतात काठी आपटत, खाली काय आहे ते चाचपत चालायचं. जुनी काटेरी तार, फुटक्या बाटल्या, तुटलेला पाइप, उघडा खड्डा, साप, गांधीलमाशांचं पोळं, काहीही निघू शकतं. जिथे दगड किंवा तार लागेल तिथे रंगीत फडकं बांधलेली काठी रोवून ठेवा. त्याच फेरीत खोडांची जाडी पाहून घ्या, कारण अवजार ठरतं ते जाडीवरून. बोटाएवढ्या, म्हणजे २० मिलिमीटरपर्यंतच्या ओल्या फांदीला सिकेटर. त्यापुढे ३५ ते ४० मिलिमीटरपर्यंत लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची दोन्ही हातांनी धरायची कात्री. त्याहून जाड असेल तर करवत. सिकेटरने जाड फांदी कापायचा प्रयत्न करणारा माणूस मनगट पिरगाळत पातं इकडे-तिकडे वाकवतो. त्याने दोन पात्यांत फट पडते, आणि मग ते सिकेटर पुढे प्रत्येक फांदी कापण्याऐवजी चावतं. साल लोंबत राहते, जखम भरत नाही.

सिकेटर आणि लॉपर घेताना बायपास प्रकारचा घ्या, म्हणजे ज्यात एक धारदार पातं दुसऱ्या बोथट पात्याला घासून बाजूने जातं. सपाट ऐरणीवर पातं आपटणारा अॅनव्हिल प्रकार वाळक्या लाकडाला ठीक, पण ओली फांदी तो चेंगरतो. दुकानात तपासायची गोष्ट सोपी आहे: एक पातळ कागद पात्याच्या टोकाने कापून पाहा. टोकाला कागद दुमडून आत गेला तर पाती नीट जुळलेली नाहीत. मधला बोल्ट पान्याने उघडता येतो का आणि पातं व स्प्रिंग सुटी मिळतात का, हेही विचारा. रिबिटाने कायम ठोकलेल्या सिकेटरला धार लावणंही अवघड, मग बदलायचं काय?

करवत वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी घ्यावी. ३०० मिलिमीटरच्या आसपासचं पातं १०० ते १२० मिलिमीटर जाडीच्या फांदीला पुरतं. दात मोठे असतील तर ओलं लाकूड चटकन कापलं जातं, बारीक दातांत ओला भुसा अडकतो. ओढतानाच जोर लावायचा, ढकलताना हात सैल. ढकलताना जोर दिला की पातं वाकतं आणि एकदा मुरड पडली की सरळ कापत नाही. जड फांदी एका घावात कापू नका. खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत काप द्या, त्याच्या थोडं पुढे वरून कापा, फांदी स्वतःच्या वजनाने मोडून पडेल. मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापा. ते कडं शाबूत राहिलं तरच जखम मिटते. खालचा काप न देता कापलं तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. जखमेला रंग किंवा डांबर फासायची गरज नसते.

कोयता हवाच, पण त्याचं काम ठरलेलं आहे: जाळीत वाट पाडणं, वेल तोडणं, फांद्यांचे तुकडे करणं. त्याने जमिनीलगत खुंट छाटले की तिरप्या कापामुळे भाल्यासारखी टोकं उरतात, आणि ती गवतात दिसत नाहीत. बुटाचा तळवा फोडून पायात घुसतात. जी झुडपं मुळासकट काढायची आहेत त्यांचं खोड ३० ते ४५ सेंटिमीटर उंच ठेवा. खणताना धरायला आणि हलवून मुळं सैल करायला ते लागतं. जे खुंट उकरायचे नाहीत ते करवतीने जमिनीबरोबर सपाट कापा.

झाडावर चढलेला वेल ओला असताना ओढू नये. त्याच्याबरोबर झाडाची चांगली फांदी आणि वरची वाळकी लाकडंही डोक्यावर येतात. वेल जमिनीजवळ कापा, छातीएवढ्या उंचीवर पुन्हा कापा आणि मधला तुकडा काढून टाका. दोन-तीन आठवड्यांत वरचा भाग वाळतो, मग तो हलका होऊन सुटतो.

ब्रश कटरची निवड आणि वापर

कमरेएवढं गवत आणि झुडपं यांसाठी ३५ ते ४० सीसीचं इंजिन, सरळ दांडी, सायकलच्या हँडलसारखी दोन्ही हातांची मूठ आणि दोन्ही खांद्यांवर बसणारा पट्टा असलेली मशीन मागा. वाकड्या दांडीचे हलके ट्रिमर साधारणपणे फक्त नायलॉन दोरीसाठी असतात, त्यांना लोखंडी पातं लावू नये. पट्टा बांधून मशीन हात सोडून लटकवून पाहा. पातं जमिनीला किंचित टेकेल असा तोल साधला पाहिजे. तोल नसेल तर अर्ध्या तासात पाठ धरते.

कापायचं काय यावर जोडणी बदलते. मऊ गवताला, भिंतीच्या कडेला आणि दगडांच्या आसपास २.४ ते ३ मिलिमीटरची नायलॉन दोरी. दाट, वाळून ताठ झालेल्या गवताला आणि पातळ काड्यांना तीन दाती पातं. झुडपांच्या खोडांना गोल करवतीसारखं पातं, तेही साधारण ५ सेंटिमीटर जाडीपर्यंतच. पुढे हातकरवत वापरा, कारण जाड खोडात पातं अडकलं की पूर्ण मशीन अंगावर फिरते. नायलॉन दोरी निरुपद्रवी वाटते, पण कोवळ्या झाडाची साल ती दोन सेकंदांत सगळ्या बाजूंनी सोलते आणि ते झाड महिन्या-दोन महिन्यांत वाळून जातं. ठेवायच्या प्रत्येक झाडाभोवती हाताने, विळ्याने हातभर जागा आधी मोकळी करा. नायलॉन सुकून ठिसूळ झालं असेल तर दोरी दिवसभर पाण्यात भिजवून ठेवा, ते ओलावा शोषतं आणि पुन्हा लवचिक होतं.

पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. म्हणून कापायचं ते उजवीकडून डावीकडे झोका देत, पात्याच्या डाव्या बाजूने. पातं म्हणजे जमिनीवर आडवं ठेवलेलं, १२ चा आकडा तुमच्यापासून लांब असलेलं घड्याळ आहे असं धरलं तर १२ ते ३ या भागात खोड लागू देऊ नका. तिथे पातं खोडाला धरून मशीन जोरात उजवीकडे फेकतं, आणि बहुतेक अपघात इथेच होतात. कमरेएवढं गवत एकदम बुडातून कापलं तर लांब काड्या गिअरभोवती गुंडाळतात, गिअर तापतो. आधी वरचा अर्धा भाग, मग परत येताना खालचा. काड्या गुंडाळल्या की इंजिन बंद करून, पातं थांबल्यावरच काढायच्या. इंजिन हळू चालू असताना पातं फिरत असेल तर मशीन वापरू नका. आयडलचा, म्हणजे इंजिनाचा हळू वेग ठरवणारा स्क्रू जास्त चढवलेला असतो किंवा क्लचची स्प्रिंग तुटलेली असते.

चालवणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कोणी नको, लहान मुलं आणि जनावरं तर नाहीच. जाळीचा फेस शील्ड दगड अडवतो, पण बारीक कण जाळीतून आत येतात, म्हणून त्याच्या आत बंद चष्मा हवा. कानांना इअरमफ, पायात जाड तळव्याचे उंच बूट, अंगात पूर्ण पॅंट. सैल ओढणी, उपरणं, गळ्यातली माळ काढून ठेवा.

टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळावं लागतं. मशीनच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४० मिलि. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो, आणि त्याच्या दुरुस्तीला जवळपास नव्या मशीनइतका खर्च येतो. जास्त झालं तर धूर, काळा प्लग, ताकद कमी. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच बनवा. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट थर सोडतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं. पात्याची नट बहुतेक मशीनवर उलट आट्याची असते, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. नेहमीच्या सवयीने उलट जोर लावला की आटे जातात.

चेन सॉबद्दल (साखळीच्या मोटारकरवतीबद्दल) विचारलं नाही, तरी सांगून ठेवणं बरं. मनगटाएवढ्या खोडांना ती लागत नाही. ज्याने शिकून वापरलेली नाही त्याने पहिला धडा दाट झाडीत, पाय नीट टेकायला जागा नसताना गिरवू नये. मोठं झाड पाडायचं असेल तर जाणकार माणूस बोलवा.

मुळांची अवजारं

बाग वाचते ती इथे, म्हणून पैसा आणि वेळ इथे घाला. कुदळ, टिकाव, पहार, फावडं आणि चार दात्यांचा गार्डन फोर्क, एवढं पाहिजे. कुदळ दीड ते दोन किलोची घ्या. त्यापेक्षा जड कुदळ पहिल्या तासाला चांगली वाटते, दुसऱ्या तासाला घाव भरकटतो. पात्याचा आणि दांडा बसवायच्या नेढ्याचा जोड पाहा. घडीव, अखंड लोखंड असेल तर उत्तम. पातळ पत्र्यावर वेल्डिंग केलेलं असेल तर पहिल्या जाड मुळावर ते उकलतं. फोर्कचे दाते जमिनीवर दाबून पाहा, वाकून परत सरळ होत नसतील तर घेऊ नका. पहार दीड मीटरची, एका टोकाला छिन्नीसारखी चपटी असलेली.

जमिनीचा ओलावा अवजारापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. चांगल्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी मूठभर माती दाबून पाहा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला तर खणायला योग्य. गोळा चकचकीत, चिकट राहिला तर थांबा, नाहीतर माती तुडवून विटेसारखी घट्ट होईल. कोरड्या, टणक जमिनीत मुळं तुटतात आणि तुटलेली मुळं पुन्हा फुटतात.

घाणेरीचं झुडूप वर कितीही मोठं दिसलं तरी तिचे नवे धुमारे खोड आणि मूळ जिथे मिळतं त्या गाठीतून येतात. फांद्या छाटून जवळ जायला जागा करा, गाठीभोवतीची माती उकरा, आणि जमिनीच्या पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडून झुडूप उपटा. गाठ पूर्ण निघाली पाहिजे. उपटलेलं झुडूप ओल्या मातीवर तसंच ठेवलं तर पुन्हा मूळ धरतं, म्हणून मुळं वर करून उलटं ठेवा. त्याखाली पुढच्या पावसात बियांची रोपं दाट उगवतात. ती बोटभर असतानाच उपटायला तयार राहा.

सुबाभळीचं मनगटाएवढं रोप नुसतं कापलं तर खुंटातून झुबका फुटतो. चारही बाजूंनी ३० सेंटिमीटरवर चर खणा, आडवी मुळं टिकावाने तोडा, मग पहार खाली घालून एखादं लाकूड टेकू म्हणून ठेवा आणि उचला. सोटमूळ दिसलं की करवत घालू नका, मातीने दात बोथट होतात. टिकावाच्या रुंद टोकाने तोडा.

हरळीला फावडं मारणं चूक आहे. तिच्या कांड्यांच्या प्रत्येक पेरात नवं रोप असतं. फावडं आणि पॉवर टिलर त्या कांड्यांचे शेकडो तुकडे करून सगळ्या बागेत लावून देतात, आणि माती भुसभुशीत दिसत असल्याने काम छान झालं असं वाटतं. इथे फोर्क लागतो. एक वीतभर खोल खुपसायचा, माती उचलून सैल करायची आणि कांड्या हाताने सबंध ओढून काढायच्या. हरळीला सावली सोसत नाही. तिथे नंतर कागदी खोक्यांचे पुठ्ठे एकमेकांवर १५ ते २० सेंटिमीटर चढवून अंथरा, वर १० सेंटिमीटर पालापाचोळा टाका. पाचोळा झाडाच्या बुंध्याला टेकू देऊ नका, साल कुजते.

लव्हाळ्याचं गणित वेगळं. पान ओढलं की बारीक तारेसारखा धागा तुटतो आणि गाठ खाली राहते. त्याचं टोकदार पान पुठ्ठाच काय, प्लॅस्टिकही भोकसून वर येतं. थोडी जागा असेल तर माती वीतभर खणून चाळा. मोठ्या जागेत खुरप्याने दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहा. नवीन पान वर आल्यावर काही आठवड्यांतच नव्या गाठी धरू लागतात, त्याआधी काढलं तर जुनी गाठ हळूहळू रिकामी होते. हे काम एका हंगामात संपत नाही, दोन हंगाम धरूनच चाला.

गाजरगवत हाताने उपटता येतं, फक्त फुलं यायच्या आत आणि हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. अनेकांना त्याची कातडीवर ॲलर्जी येते. फुलावर आलेल्या गाजरगवतावर ब्रश कटर चालवला तर बी बागभर उडतं आणि परागकण नाकातोंडात जातात.

निघालेला माल

याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सैल फांद्यांचा ढीग बागेएवढाच मोठा वाटतो. अर्ध्या मीटरचे तुकडे करून रचलं की तो बराच बसतो. न्यायला घमेल्यापेक्षा दोन मीटर चौरस ताडपत्री बरी, फांद्या तिच्यावर टाकून ओढत नेता येतात. माती आणि मुळं न्यायला हवेच्या टायरची एकचाकी गाडी घ्या. बी धरलेलं गवत, हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी कंपोस्टमध्ये घालू नका. कांड्या फरशीवर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवा. फांद्यांचा भुगा करणारी मशीन हवी असेल तर सगळा ढीग तयार झाल्यावर एका दिवसासाठी भाड्याने आणा. मुळांना चिकटलेली माती तिच्यात जाऊ देऊ नका, पाती तासाभरात बोथट होतात.

पुढे बाग राखताना

रोजच्या वापराला चारच अवजारं पुरतात: खुरपं, लांब दांड्याचं हातकोळपं, सिकेटर आणि लवचिक दात्यांचं दाताळं. हातकोळपं नुकत्या उगवलेल्या, दोनच पानं फुटलेल्या तणावर, कोरड्या हवेत, जमिनीखाली २ ते ३ सेंटिमीटरवरून चालवा. उपटलेलं तण उन्हात तिथेच वाळतं. त्यापेक्षा खोल गेलात तर खालचं बी वर येऊन उगवतं. दर आठवड्याला अर्धा तास यात घातला तर महिन्यातून एकदा पूर्ण दिवस खणायची वेळ येत नाही. झुडपांचं कुंपण असेल तर ते छाटायला हेज शीअर ही मोठी कात्री, नसेल तर नको.

हिरवळ ठेवायची असेल तर फिरत्या पात्याची मोअर (ढकलत न्यायची, गवत कापायची मशीन) घ्या. दंडगोलाकार पात्याची मोअर सपाट, आखूड हिरवळीवरच चालते. उंची ५ ते ७ सेंटिमीटर ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. त्याहून खाली कापलं की जमीन उघडी पडते आणि तणाला जागा मिळते. कडांसाठी बॅटरीवरचा हलका ट्रिमर ३०० चौरस मीटरला पुरतो. ट्रिमर आणि मोअर एकाच बॅटरीवर चालणारी घेतली तर चार्जर आणि जादा बॅटरीचा खर्च वाचतो.

धार आठवड्याला एकदा बघा. कोयता, विळा आणि कुदळीला कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे आणताना उचलायची. परत घासत आणली तर कानशीचे दात जातात. मूळच्या उताराला मार्करने रंगवा आणि रंग सारखा निघेपर्यंत त्याच कोनात घासा. सिकेटरच्या धारदार पात्याला फक्त उताराच्या बाजूनेच धार लावायची, सपाट बाजूला एकदाच हलका हात फिरवून कडेची लव काढायची. दोन्ही बाजूंनी घासलं की पात्यांत फट पडते. रोगट फांदी कापल्यावर पाती स्पिरिटने पुसून मगच पुढच्या झाडाला हात लावा. चिकाचा थर टर्पेंटाइनने निघतो. काम संपल्यावर माती झटकून पात्यांना तेलाचा हात द्या.

दांडा घेताना लाकडाचे रेषे लांबीला समांतर आहेत ना, ते टोकापासून टोकापर्यंत पाहा. मधेच तिरपे बाहेर पडत असतील तर जोराच्या घावाला तो तिथेच मोडतो. सैल झालेली कुदळ पाण्यात भिजवून घट्ट करायची सवय सोडा. लाकूड फुगताना नेढ्यात चेंगरतं आणि सुकल्यावर पूर्वीपेक्षा सैल होतं. तशी कुदळ डोक्यावर उचलली असताना निसटली तर मागे उभ्या माणसाला लागते. पाचर ठोका, किंवा दांडा बदला. वर्षातून दोनदा दांड्यांना जवसाचं तेल चोळा, पण ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.